सत्तेच्या नकाशात विरोध कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तेचे नकाशे काढायला कुठेही बसलं की साधारण हेच प्रश्न येतात, कॉलेजच्या पोरांकडून पण आणि वस्तीत काम करणाऱ्यांकडून पण. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उत्तरं काही ठिकाणी लांबलीत, कारण तिथे खरंच बोलण्यासारखं आहे.

सत्तेचा नकाशा म्हणजे नक्की काय?

कोण कुणाला पैसे देतं, कोण कुणाच्या बोर्डावर बसलंय, कुठली जमीन कुणाच्या नावावर आहे, कुणाच्या सहीने कुणाचं काम झालं, हे सगळं एका कागदावर बघता येईल असं काढणं. नावं, तारखा, रेघा. खाली कधी खरा भूगोल असतो, कधी नसतो.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही हं. आपल्या गावाचा साधा नकाशा घ्या, पाटलाचा वाडा कुठे, देऊळ कुठे, पाणवठा कुठे आणि गावकुसाबाहेर कुणाची घरं. गावकूस ही रेघ कागदावर यायच्या कितीतरी आधी जमिनीवर काढलेली होती, आणि ज्यांना तिच्या बाहेर ठेवलं त्यांना हा नकाशा तोंडपाठ असायचा, कारण चुकलं की मार खावा लागायचा.

ही तर शोधपत्रकारिता झाली. यात कला कुठे आली?

मार्क लोम्बार्डी या अमेरिकन आर्टिस्टचं काम बघा. १९५१ चा जन्म, आधी लायब्ररी, गॅलरी असली कामं केली आणि १९९४ च्या आसपास फोनवर मित्राशी बँक घोटाळ्याबद्दल बोलता बोलता कागदावर कोण कुणाला जोडलंय ते गिरवायला लागला. त्यातून पुढे मोठमोठी पेन्सिल ड्रॉइंग्ज झाली, गोल गोल कमानी, बारीक अक्षरं, लांबून बघितलं तर आकाशातल्या ताऱ्यांचा नकाशा वाटावा इतकी देखणी. जवळ गेलं की त्या कमानींवर बँका, तेल कंपन्या, शस्त्रांचे दलाल, राजकारणी. माहिती सगळी छापून आलेलीच, पेपर आणि पुस्तकं. त्याने ती हाताने कार्डांवर उतरवली, अशी सुमारे १४,००० कार्डं आहेत आणि ती आता न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहेत.

बातमी म्हणून हे सगळं वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पानांवर आलेलं असतं आणि आपण विसरून जातो. तो कागद विसरू देत नाही. डोळा एका नावावरून निघतो आणि त्याला थांबताच येत नाही, हे जे होतं ना ते रेघेच्या वळणाने होतं, माहितीने नाही. ती कला आहे माझ्या मते. त्याच्या एका ड्रॉइंगचा विषय बीसीसीआय बँक आहे (क्रिकेट बोर्ड नव्हे, घोटाळ्यात बुडालेली आंतरराष्ट्रीय बँक), ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर एफबीआयने ते बघायला मिळावं म्हणून म्युझियमशी संपर्क केला होता. तेव्हा लोम्बार्डी हयात नव्हता, मार्च २००० मध्येच गेला.

पण त्याच्या चित्रांत विरोध कुठे दिसतो? सगळे सत्तावालेच आहेत की.

बरोबर पकडलंत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच मुख्य प्रश्न आहे.

त्याच्या चित्रात मोर्चा नाही, माणसांची गर्दी नाही. पण त्याच्या खुणा नीट वाचा. बाण असलेली सलग रेघ म्हणजे प्रभाव किंवा ताबा. तुटक रेघ म्हणजे पैशाचा प्रवाह. नागमोडी म्हणजे मालमत्ता विकली किंवा दुसऱ्याच्या नावावर केली. आणि एक खूण अशी की रेघेच्या टोकाला दोन छोट्या आडव्या काड्या, म्हणजे व्यवहार अडला, पुरा झाला नाही. शिवाय लाल रंग तो कोर्टाचे निकाल, खटले, दिवाळखोरी अशा गोष्टींसाठी राखून ठेवायचा.

मला त्या दोन काड्या फार महत्त्वाच्या वाटतात. कुठेतरी कुणीतरी अडवलं म्हणून ती रेघ पुढे गेली नाही. कोणी अडवलं, कसं अडवलं हे तो सांगत नाही, आणि आपलं काम तिथूनच सुरू होतं असं मी समजतो.

मी असे नकाशे बघितले आणि उलट हताश झालो. सगळं आधीच कुणीतरी बांधून ठेवलंय असं वाटलं.

हे खूप जण सांगतात आणि तुमचं काही चुकलेलं नाही, ही त्या नकाशांची खरी अडचण आहे. फ्रान्समधली ब्युरो देत्यूद नावाची दोघा कलाकारांची जोडी आहे, त्यांनी जगभरातल्या बँका, फंड, लष्करी कंपन्या, सल्लागार संस्था यांचे प्रचंड मोठे नकाशे काढले आणि आंदोलनांच्या ठिकाणी, सोशल फोरममध्ये, म्हणजे चळवळींच्या मेळाव्यांत, फुकट वाटले. मेहनत अफाट. पण अक्षर इतकं बारीक आणि जाळं इतकं दाट की माणूस पाच मिनिटं बघतो आणि घडी घालून पिशवीत टाकतो. सत्ता इतकी जोडलेली, इतकी सर्वव्यापी दिसते की आपल्याला शिरायला फट दिसत नाही. जो नकाशा सत्तेविरुद्ध काढला तोच तिचा दरारा वाढवतो.

जॉश ऑन या कलाकाराने २००१ मध्ये 'दे रूल' नावाची वेबसाइट केली ती मला यापेक्षा जवळची वाटते. त्यात अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांची डायरेक्टर मंडळी आहेत, जो जास्त बोर्डांवर त्याचं चित्र जास्त जाडं. पण मुख्य म्हणजे नकाशा तुम्ही स्वतः जोडत जायचा आणि सेव्ह करून दुसऱ्याला दाखवायचा. बघणाऱ्याच्या हातात काहीतरी आलं. तरीसुद्धा विरोध त्यातही नाहीच.

मग विरोध काढायचा कसा? वळलेली मूठ, मशाल, लाल ठिपके?

प्लीज नको. मूठ काढली की सगळ्या जगातले लढे एकसारखे दिसायला लागतात आणि खरं काय झालं ते पुसलं जातं. सत्तेच्या बाजूला नावं, रकमा, तारखा आणि लोकांच्या बाजूला नुसतं एक चिन्ह, असं केलं तर आपणच म्हणतोय की तिकडे तपशील आहे आणि इकडे फक्त भावना आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, विरोधाला पण तितकाच पुरावा द्या. कुठल्या तारखेला, कुठल्या जागी, कुठल्या रेघेला लोकांनी हात घातला आणि त्या रेघेचं पुढे काय झालं. अडली का, वळली का, काही वर्षं थांबून परत सुरू झाली का. विरोधासाठी कागदाचा वेगळा कोपरा ठेवू नका, ज्या रेघेवर तो झाला तिथेच तो बसला पाहिजे.

असं कुणी केलंय का खरंच?

अर्जेंटिनात केलंय, आणि नुसतं कागदावर नाही तर रस्त्यावर.

तिथे १९७६ ते १९८३ लष्करी हुकूमशाही होती. हजारो माणसं गायब केली गेली. लोकशाही आल्यावर १९८६ आणि १९८७ ला दोन कायदे असे आले की बहुतेक गुन्हेगार अधिकाऱ्यांवर खटलेच चालवता येईनात. म्हणजे ज्याने छळछावणीत माणसं मारली तो तुमच्याच गल्लीत ब्रेड घ्यायला येतोय आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही. गायब झालेल्यांची मुलं मोठी झाली, त्यांनी इहोस नावाची संघटना काढली आणि एस्क्राचे सुरू केले. एस्क्राचे म्हणजे त्या माणसाच्या घरासमोर जाऊन, गाणी म्हणत, भिंती रंगवत सगळ्या मोहल्ल्याला सांगायचं की इथे कोण राहतो.

ग्रुपो दे आर्ते कायेहेरो हा रस्त्यावर काम करणारा कलाकारांचा गट यांच्याबरोबर होता. त्यांनी हुबेहूब ट्रॅफिकच्या पाट्यांसारख्या पाट्या बनवल्या, इतक्या मीटरवर छळछावणी होती, अशा. आणि २००१ पासून ब्यूनस आयर्स शहराचा नकाशा पोस्टर म्हणून छापला, नाव 'इथे नरसंहार करणारे राहतात', त्यावर एस्क्राचे झालेल्या लोकांचे पत्ते. दर २४ मार्चला, म्हणजे लष्कराने सत्ता घेतली त्या दिवशी मोठा मोर्चा असतो, तेव्हा ते शहरभर चिकटवायचे.

आता या नकाशात गंमत बघा काय आहे. प्रत्येक ठिपका सत्तेचा आहे, गुन्हेगाराचं घर. पण तो ठिपका तिथे आला कारण लोक तिथे चालत गेले होते. एकाच ठिपक्यात दोन्ही. विरोध वेगळा दाखवायची गरजच उरली नाही. आणि पुढे २००३ ला तिथल्या संसदेने ते दोन कायदे रद्द केले, २००५ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले, खटले परत उभे राहिले. हे पोस्टरमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्यामागे गायब झालेल्यांच्या आयांची, मुलांची, वकिलांची कितीतरी वर्षं आहेत. पण जेव्हा कोर्टाचा दरवाजा बंद होता तेव्हा तो नकाशा भिंतीवर होता.

त्याच देशात २००६ मध्ये सुरू झालेली इकोनोक्लासिस्तास ही दोघांची जोडी लोकांना बसवून एकत्र नकाशे काढून घेते, सोयाबीनची एकपिकी शेती, खाणी, पाणी कुणी घेतलं, आणि त्याच कागदावर लोक कुठे उभे राहिले. त्यांची छोटी चित्रं, आयकॉन, कुणीही फुकट वापरावीत अशी ठेवलेली आहेत. शाळेत सुद्धा चालतात.

नकाशा उलटा करणं हा पण विरोधच ना?

हो. उरुग्वेच्या तोर्रेस-गार्सिया या चित्रकाराने १९४३ मध्ये दक्षिण अमेरिका उलटी काढली, दक्षिण वर. त्याचं म्हणणं होतं की आमची उत्तर दिशा म्हणजे दक्षिण. एका साध्या शाईच्या चित्राने शाळेत शिकलेलं सगळं हलतं. पण हे एकदाच करता येतं, आता जो तो नकाशा उलटा करतो त्यात दम उरलेला नाही.

असले नकाशे दाखवायला गॅलरी नाही म्हणते का?

म्हणते. हान्स हाके या जर्मन कलाकाराने १९७१ ला मॅनहॅटनमधल्या एका घरमालक गटाच्या मालमत्ता शोधून काढल्या, सगळं सरकारी दप्तरातून. १४२ फोटो, प्रत्येक इमारतीचा एक, खाली टाइप केलेली माहिती की कुठल्या कंपनीच्या नावावर आहे, शिवाय हार्लेम आणि लोअर ईस्ट साइडचे नकाशे आणि व्यवहारांचे तक्ते. बाकी काहीच नाही, एक शब्द टीका नाही. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये ते लागणार होतं, तिथल्या डायरेक्टरने प्रदर्शनच रद्द केलं आणि हाकेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या क्युरेटरची नोकरी गेली. पुढे २००७ मध्ये व्हिटनी आणि बार्सिलोनाच्या म्युझियमने मिळून तेच काम विकत घेतलं.

मला यातून एक गोष्ट कळते, की कोरडी नोंद घोषणेपेक्षा जास्त टोचते. त्याने कुणाला चोर म्हटलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, कुणी करतं का?

मुंबईच्या दोघींची नावं घेतो, दोघीही जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. शिल्पा गुप्ता यांनी शंभर लोकांना आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला. शंभरातला एकही दुसऱ्यासारखा नाही, कुणाचं टोक फुगलंय, कुणाचा कोपरा गळालाय. सरकारी एकच एक रेघ आणि माणसांच्या मनातल्या शंभर रेघा. रीना सैनी कलाट यांनी विजेच्या तारा विणून जगाचा नकाशा केला, स्थलांतर करणाऱ्यांच्या वाटा त्यात आहेत, आणि त्या तारा जोडतात पण आणि काटेरी कुंपणासारख्या अडवतात पण.

पण ही मोठ्या गॅलरीतली कामं झाली. तुमच्या तालुक्याचा नकाशा तुम्हालाच काढायला लागणार.

सुरुवात कशापासून करू? सरावासाठी एखादं उदाहरण द्या.

मी नेहमी महाडपासून करायला सांगतो. गोष्ट माहीत असते सगळ्यांना पण रेघा काढायला बसलं की वेगळीच दिसते.

मधे चवदार तळं काढा. आता रेघा. ऑगस्ट १९२३, मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. विधिमंडळाकडून तळ्याकडे एक रेघ. जानेवारी १९२४, महाड नगरपालिकेने पण ठराव केला, दुसरी रेघ. कागदावर तळं खुलं झालं. पण प्रत्यक्षात कुणी पाणी घेऊ शकत नव्हतं, म्हणजे दोन्ही रेघा तळ्यापाशी पोचायच्या आधीच अडलेल्या, टोकाला दोन काड्या मारा. ठरावाची रेघ अडवणारा कुठलाही सरकारी कागद नव्हता, गावाचा धाक होता. तो धाक कसा काढणार? यावर पोरं अर्धा अर्धा तास भांडतात, आणि भांडायलाच पाहिजे.

मग २० मार्च १९२७. बाबासाहेब आणि हजारो माणसं महाडला भरलेल्या परिषदेतून निघून गावातून चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ही रेघ नकाशावर पायांनी काढलेली आहे. ती ठळक काढा, कारण पहिल्यांदा कुठलीतरी रेघ पाण्याला टेकली. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, नंतर १०८ घागरी ओतून तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली. आणि २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृती जाळली, ती रेघ तळ्याकडे जात नाही, ती थेट सगळ्या जाळ्याच्या मुळाकडे जाते. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवायची पूर्वापार रूढी सिद्ध झालेली नाही.

दहा वर्षं. आता कागद लांब धरून बघा. सत्तेच्या प्रत्येक रेघेला एक दुसरी रेघ भिडलेली आहे, आणि सत्ता पण उत्तर देतेय, ठराव फिरवतेय, कोर्टात जातेय. दोन्ही बाजू हलताहेत. मला हवा तो नकाशा असा असतो.

जे लढे हरले ते दाखवायचे का?

दाखवायचेच. गिरणगाव घ्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार, आणि तो मोडला. कामगार हरले म्हणून रेघ तिथे संपवली तर नकाशा खोटा होईल. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला, गिरणीची जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, म्हणजे शहराचा वाटा एकदम आटला. २००५ ला या बदलाविरुद्ध लोक हायकोर्टात जिंकले, २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. आणि एवढं होऊन पण कामगारांनी घरांची मागणी सोडली नाही, मोर्चे चालूच, २०१२ ला म्हाडाला गिरणी कामगारांसाठी लॉटरी काढावी लागली.

संप हरला आणि तीस वर्षांनी काही घरांच्या चाव्या मिळाल्या, या दोन गोष्टींमधली रेघ कुठल्याच बिल्डरच्या ब्रोशरमध्ये सापडणार नाही. ती तुम्ही काढायची. पुरेशी घरं मिळाली असं मात्र दाखवू नका, कारण बहुतेकांना मिळालेली नाहीत.

विरोध करणाऱ्यांची नावं लिहायची का?

इथे मी स्वतः चूक केलीय म्हणून स्पष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतला नकाशा करताना आम्ही एका ताईंचं नाव, कुठे मीटिंग घेतात, कुठल्या दिवशी, सगळं टाकलं, आम्हाला वाटलं त्यांचा मान होतोय. नकाशा फिरला आणि पंधरा दिवसांत त्यांच्या घरी माणसं येऊन दम देऊन गेली. ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मुलीने विचारलं की दादा, तुम्ही नकाशा आमच्यासाठी काढला होता की त्यांच्यासाठी? मला आजही उत्तर देता येत नाही.

तेव्हापासून नियम पक्का. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं नाव, पद, सही, तारीख सगळं टाकायचं. जो त्याला अडवतोय त्याची कृती टाकायची, नाव नाही. तो स्वतः टाका म्हणत असेल आणि ते आधीच जाहीर असेल, तरच टाकायचं. पुढच्या मीटिंगची जागा कधीच नाही. झालेलं दाखवा, होणारं नको.

माहिती आणायची कुठून?

सातबारा, फेरफार आणि प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन मिळतात. बिल्डरची माहिती महारेराच्या साइटवर, उमेदवाराची मालमत्ता आणि खटले निवडणुकीच्या शपथपत्रात, कंपनीचे डायरेक्टर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर, बाकी माहिती अधिकाराचा अर्ज. आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला, जमीन कुणाची होती हे त्यांना फेरफारच्या आधीपासून माहीत असतं. फक्त ऐकीव रेघ वेगळ्या रंगात काढा आणि तसं खाली लिहा.

कायद्याची भीती वाटते.

वाटली पाहिजे थोडी, त्याने माणूस काळजी घेतो. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. म्हणून प्रत्येक रेघेला कागद हवा, आणि विशेषण एकही नको. 'भ्रष्ट' असं लिहू नका, 'अमुक तारखेला अमुक ठराव' लिहा. देशाची सीमा काढणार असाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळली पाहिजे, नाहीतर १९६१ च्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. शंका असली तर छापायच्या आधी वकिलाला दाखवा.

हाताने काढू की सॉफ्टवेअरवर?

आधी हाताने. सॉफ्टवेअर सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या काढतं आणि तुम्हाला ठरवावंच लागत नाही की कुठली महत्त्वाची.

नकाशा पूर्ण झाला हे कधी समजायचं?

होत नाही. लोम्बार्डी एकच चित्र चौथ्यांदा, पाचव्यांदा नव्याने काढायचा आणि नावातच कितवी आवृत्ती ते लिहायचा. हाकेच्या कामाच्या नावात पण तारीख आहे, १ मे १९७१ रोजी जशी स्थिती होती तशी. तुम्ही पण तसंच करा, उजव्या कोपऱ्यात खाली तारीख आणि आवृत्तीचा नंबर टाका, ए-थ्रीवर प्रिंट काढा, डाव्या बाजूला चांगली चार बोटं जागा सोडा, आणि ज्यांच्याबद्दल काढलाय त्यांच्या हातात पेन्सिल देऊन चुका दुरुस्त करून घ्या.